गाठ न येणाऱ्यांसाठी निघालेले चाप

माशाची गरी दोरीला बांधायची असते. एवढंच काम. त्यासाठी माणसाला दोन हात, तोंडात थोडी थुंकी आणि दोन मिनिटं धीर लागतो. या तीन गोष्टींपैकी एकही ज्यांच्याजवळ नाही, त्यांनी या एका गाठीऐवजी वापरायला काय काय शोधून काढलंय ते मी गेली चाळीस वर्षं पाहत आले आहे. तारेचे आकडे पाहिले, पितळी नळ्या पाहिल्या, बॅटरीवर गरगर फिरणारं पिस्तुलासारखं एक यंत्रही पाहिलं. प्रत्येक वस्तू आणणारा माणूस मला एकच सांगायचा, की मावशी, आता गाठीचे दिवस गेले. माणूस निघून जायचा, वस्तू गंजायची, आणि बाजाराच्या दिवशी माझ्यासमोर गऱ्या बांधून घ्यायला लोक पुन्हा बसलेले असायचे.

माझ्या कामाबद्दल लिहा म्हटलं तेव्हा संपादक बाईंनी ‘पारंपरिक ज्ञानाचा वारसा’ असे शब्द वापरले. ते शब्द मी बाजूला ठेवते. मी भोयाची सून. धरण झालं तेव्हा आमचं घर पाण्याच्या काठाशी आलं. आमचे घरचे, म्हणजे माझा नवरा, डोंग्यावर, छोट्या होडीवर, जायचे, मी आणि सासू घरी बसून गऱ्या बांधायचो. धरणात सोडतात तो दोर दोन-तीनशे हात लांब असतो. त्याला हातभर अंतरानं छोट्या दोऱ्या लोंबतात आणि प्रत्येक दोरीच्या टोकाला एक गरी. संध्याकाळी चारा लावून दोर पाण्यात टाकायचा, सकाळी ओढायचा. दोनशे गऱ्या म्हणजे चारशे गाठी, एक गरीकडची आणि एक वर दोराकडची. त्यातली एक जरी कच्ची राहिली, तरी मोठा मासा नेमका तिलाच लागतो. असं का होतं ते मला अजून कळलेलं नाही, पण होतं खरं. पुढे मी पांढरकवड्याच्या आठवडी बाजारात पोतं पसरून बांधलेल्या गऱ्या विकू लागले.

आता वारशाचं सांगते. माझी सासू ज्या गाठीवर वाढली ती सुती दोरीची होती. नायलॉनचं तंगूस, तो गुळगुळीत चिवट दोरा, आलं तेव्हा तिची गाठ त्यावरून सरळ घसरून गेली. पहिल्याच आठवड्यात माझ्या सासऱ्यांच्या अर्ध्या गऱ्या मासे घेऊन गेले. सासूनं तीन दिवस कोणाशी बोलणं टाकलं. उंबऱ्यात बसून ती तंगूस बोटाला गुंडाळायची, ओढायची, शिव्या द्यायची. चौथ्या दिवशी तिनं पाच वेढे देऊन टोक पहिल्या फटीतून परत आत घातलं, थुंकी लावली आणि सावकाश ओढलं. गाठ बसली. तंगूस कोरडंच ओढलं तर घासून तापतं आणि त्याच ठिकाणी तुटतं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. म्हणजे ज्याला आता लोक परंपरा म्हणतात ती एका चिडलेल्या बाईनं माझ्या डोळ्यांदेखत तीन दिवसांत तयार केली. यंत्रवाल्यांना मी हसते, पण जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनाही हसते.

गिऱ्हाइकांत सगळ्यात हुशार आणि सगळ्यात वेडा असा एकच माणूस मला भेटला. नागपूरचे एक शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, निवृत्त झालेले, हौसेनं मासे धरणारे. त्यांच्याकडे परदेशातून आणलेलं चिमट्यासारखं एक साधन होतं. त्यात गरी अडकवायची, तंगूस एका खाचेतून घालायचं, चाक फिरवायचं, की गाठ तयार. ते माझ्या पोत्याजवळ बसून मला ते दाखवू लागले. तीनदा तंगूस खाचेतून निसटलं. चौथ्यांदा गाठ झाली, पण ती उलटी. मी विचारलं, की डॉक्टरसाहेब, पोट शिवताना गाठ कोण मारत होतं? ते म्हणाले, मीच. मग म्हटलं, माणसाच्या पोटाला हात आणि माशाच्या तोंडाला यंत्र, हे कसं काय? ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग त्यांनी साधन खिशात टाकलं आणि मला त्यांच्या धंद्याची गाठ दाखवली. पहिला फास एकाऐवजी दोन वेढ्यांचा, म्हणजे दुसरा मारेपर्यंत पहिला सैल होत नाही. दोन तंगुसं एकमेकांना जोडायला मी आजही तीच वापरते. गाठ कुठूनही आली तरी घ्यावी. ती घ्यायला बोटं लागतात, पाकीट लागत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. तिच्यात मी चांगली दिसत नाही, म्हणून ती आजवर कुठे सांगितली नव्हती.

कापसाची ती पडती वर्षं होती. बोंडअळीनं बोंडं पोखरलेली, भावाची वाट लागलेली, आणि आमच्या जिल्ह्यात पांढऱ्या गाड्यांची रीघ लागली होती. प्रत्येक गाडीतून कोणीतरी उतरायचं आणि कापूसवाल्यांनी दुसरं काय करावं ते सांगायचं. कोणी शेळ्या सांगायचं, कोणी अळिंबी. एका संस्थेनं मासे सांगितले. धरणाच्या आसपासच्या गावांतून आणि तांड्यांतून तीस माणसं निवडली, धरणाच्या भिंतीजवळ मांडव घातला आणि पंधरा दिवसांचं प्रशिक्षण लावलं. शिकवायला मला बोलावलं. पाण्याशेजारी जन्म काढलेल्या बाईला बोलावलं याचा मला आनंदच झाला. तो पहिल्या सकाळपर्यंत टिकला.

संस्थेचे साहेब तरुण होते, नाकीडोळी नीटस, बोलायला गोड. त्यांनी खोकी उघडली. आत चाप होते. कपडे वाळत घालायच्या चिमट्याएवढे, लोखंडी, दाबला की उघडणारे, सोडला की मिटणारे. चाप वर दोराला लावायचा, आणि छोट्या दोरीच्या खालच्या टोकाला एक लहान आकडा होता, त्यात गरी अडकायची. साहेब म्हणाले, की ही गाठमुक्त पद्धत आहे. शेतकऱ्याला गाठी शिकायला वेळ नाही, तो आधीच खचलेला आहे, त्याला सोपं करून द्यायचं. तुम्ही फक्त हे कसं लावायचं ते दाखवा.

मी त्यांना म्हटलं, “साहेब, हे लोक पऱ्हाटीच्या शेंड्यावरची अळी डोळ्यानं वेचून काढतात. गाठ शिकणं त्याईले जड जाणार नाई.”

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. ते सगळंच लिहून घ्यायचे.

त्यांच्याकडे ते बॅटरीचं पिस्तुलही होतं. खरं सांगते, त्यात खोटं बोलायला जागा नाही. बारीक तंगुसावर त्यानं वीस गाठी माझ्याआधी मारल्या आणि मी ओढून पाहिल्या तर विसाच्या वीस पक्क्या होत्या. मग आमच्या दोराला लागतं ते जाड तंगूस दिलं. त्यानं दोन वेढे घेतले, कण्हलं आणि थांबलं. बॅटरी भरायला मांडवात वीज नव्हती. गावात दुपारी चारनंतर यायची.

चापांची परीक्षा व्हावी असा हट्ट मीच धरला. आमच्या घरच्यांनी एका संध्याकाळी दोन दोर टाकले, शंभर गऱ्या गाठीच्या, शंभर चापाच्या. सकाळी तिसाही जणांना काठावर उभं करून दोर ओढले. गाठीच्या दोराला एक मरळ, बरेच शिंगाळे आणि दोन चांगल्या वामा होत्या. चापाचा दोर वर येईना. इतकं लोखंड लागल्यावर तो तळाला गाळात जाऊन बसला होता. धरणात बुडालेल्या बाभळी अजून उभ्या आहेत, त्यांच्या फांद्यांत चाप अडकले होते, एकमेकांतही अडकले होते. आमचे घरचे दुपारपर्यंत सोडवत बसले. आलेल्या माशांपेक्षा आलेला पाला जास्त. काही आकडे उघडे सापडले, त्यांच्या गऱ्या गेलेल्या. साहेबांनी वहीत काय लिहिलं ते मी वाकून पाहिलं. लिहिलं होतं, समाधानकारक.

त्या दिवसापासून माझ्या तोंडाला लगाम राहिला नाही. मी रोज मांडवात त्या चापांची टर उडवायची. लोक हसायचे आणि मला चेव यायचा. हसवता येतं हे कळलं की माणूस जरा वाहवतोच. तिसांपैकी बहुतेकांना दहाव्या दिवशी पाच वेढ्यांची गाठ येऊ लागली होती. एक माणूस मात्र रोज मागच्या रांगेत बसायचा आणि चापच वापरायचा.

देवसिंग त्याचं नाव. धरणापलीकडच्या तांड्यावरचा बंजारा, चाळिशीचा, उंच, कमी बोलणारा. कपाशीचं शेत होतं त्याचं. मी गाठ दाखवत असले की तो माझ्या हाताकडे टक लावून पाहायचा, पण तंगूस हातात घ्यायचा नाही. त्याला जवळ बोलावलं तर ‘पाहतो’ म्हणत तो नुसती मान हलवायचा. मला वाटलं, आळशी आहे, फुकटच्या खोक्यासाठी आलाय.

शेवटच्या दिवशी बाहेरगावचे पाहुणे आले होते. प्रत्येकानं पुढे येऊन एक गरी बांधून दाखवायची होती. देवसिंगची पाळी आली. त्यानं गरी घेतली, आकड्यात अडकवली, मूठ आवळून चाप दोराला लावला आणि मागे सरकला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी माझं डोकं फिरलं.

मी मोठ्यानं म्हटलं, “पंधरा दिवस बसून ज्याले एक गाठ येत नाई त्यानं पाण्यावर कायले यावं? घरी बसून बायकोच्या लुगड्याले चाप लावत राहावं.”

मांडव हसला. पाहुणेही हसले. देवसिंगनं माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे पाहिलं, आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले. खोकं काखेत मारून तो मांडवाच्या मागच्या बाजूनं निघून गेला. जेवायलाही थांबला नाही. मला तेव्हा काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं, हे लिहायला हवं.

तीनेक आठवड्यांनी बाजारात एक बाई माझ्या पोत्यासमोर येऊन बसली. तिनं एकेक गरी उचलून गाठ निरखायला सुरुवात केली. गिऱ्हाईक असं निरखत नाही. मी विचारलं काय पाहिजे, तर म्हणाली, बांधलेल्या चाळीस गऱ्या, आणि दोरीचं वरचं टोक मोकळं ठेवा, त्याला चाप लावायचा आहे. चाप म्हटल्याबरोबर मी तोंड उघडलंच होतं. तिनं आधीच सांगितलं की ती देवसिंगची बायको, शांता.

तिनं जे सांगितलं ते थोडक्यात असं. मागच्या हंगामात देवसिंग कपाशीवर फवारत होता. वारा उलटा फिरला, औषध अंगावर आलं. तसाच दिवसभर फवारत राहिला. संध्याकाळी पडला. आठ दिवस यवतमाळच्या दवाखान्यात होता, जगेल की नाही याची खात्री नव्हती. जगला, पण बोटांची टोकं मेली. मूठ आवळता येते, फावडं धरता येतं. बारीक काम होत नाही. तंगूस बोटात धरलं तर धरलंय की सुटलंय हेच त्याला कळत नाही. कापूस वेचता येत नाही, सदऱ्याची बटणं ती लावून देते. प्रशिक्षणात चाप पाहिला तेव्हा आजारानंतर पहिल्यांदा तो घरी बोलत बोलत आला होता.

मी विचारलं, त्यानं मला तेव्हाच का सांगितलं नाही? तिला हा प्रश्न मूर्खपणाचा वाटला असावा. ती गऱ्या मोजत राहिली. मग म्हणाली, “तो तुमच्यावर रागावला नाई, बाई. मले म्हणे, तिचं खरं आहे, पाण्यावर आपलं काम नाई. म्हणून तर मी आली.”

रागावला असता तर मी भांडून मोकळी झाले असते. त्या दिवशी मी पोतं लवकर आवरलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरच्यांना घेऊन मी तांड्यावर गेले. बरोबर चाळीस गऱ्या नेल्या, माझ्या हातच्या, प्रत्येक गाठ दोनदा ओढून पाहिलेली. देवसिंग अंगणात होता. मी त्याला म्हटलं की मी चुकले, मांडवात बोलले ते बोलायला नको होतं, आणि मला माहीत नव्हतं ही काही सबब नाही. चाळीस वर्षांच्या संसारात मी नवऱ्याची अशी माफी मागितली नव्हती, त्यामुळे घरचे माझ्याकडे बघतच राहिले.

देवसिंगनं आपले दोन्ही हात पुढे धरले. मग म्हणाला, “मी रोज तुमचे हात पाहत होतो. सगळं याद आहे मले. पाच वेढे, मागून टोक, थुंक. डोक्यात गाठ पक्की आहे, बाई. खाली उतरत नाई फक्त.”

मग आम्ही तिघं बसलो. शांतानं चहा दिला. चापात खरोखर वाईट काय आणि चांगलं काय, याचा हिशेब मी त्या दिवशी पहिल्यांदा प्रामाणिकपणे केला. गरीकडचा आकडा बेकार, तो उघडतो, तिथे गाठच हवी. ती मी बांधायची. वरचा चाप मात्र मुठीनं दाबता येतो, तो त्याला जमतो. लोखंडानं दोर बुडतो, म्हणून गऱ्या चाळीसच ठेवायच्या आणि दर चार गऱ्यांमागे थर्माकोलचा तुकडा. बाभळी टाळून उथळ कडेनं दोर टाकायचा. डोंगा त्याच्याकडे नव्हता. हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडून ट्रकची जुनी ट्यूब आणली, तिच्यावर फळी बांधली. आमच्या भागात पुष्कळ जण असेच मासे धरतात.

आणि ते चाललं. फार नाही, पण चाललं. आठवड्यातून दोनदा शांता मासे घेऊन बाजारात माझ्या शेजारी बसू लागली. मी चापांना नावं ठेवायची, ती ऐकून घ्यायची आणि मासे विकायची.

थंडीतली गोष्ट. सकाळी देवसिंग ट्यूबवर बसून दोर ओढत होता, आमचे घरचे लांब पलीकडे डोंग्यात. मी काठावर शांताबरोबर टोपल्या धुत होते. अचानक वारा उठला. धरणावर वारा उठला की पाणी समुद्रासारखं उसळतं. ट्यूब वाऱ्यानं मागे रेटली जाऊ लागली आणि दोर हातातून सरकू लागला. त्याला बोटांत कळत नसल्यामुळे गरी कुठे आहे ते समजलं नाही. गरी त्याच्या डाव्या तळहातात शिरली, आरपार. दोराच्या टोकाला दगडाचा नांगर तळात रुतलेला. वारा ट्यूबला एकीकडे ओढतोय, दोर हाताला दुसरीकडे. तो फळीवरून अर्धा खाली आला होता. काठावरून आम्हाला त्याचा हात ताणलेला दिसत होता. शांता कमरेइतक्या पाण्यात गेली, तिला पोहता येत नव्हतं. मी तिला पदराला धरून मागे ओढलं.

कमरेला सुरी असते सगळ्यांच्या. त्याच्याही होती. उजव्या हातानं ती काढली आणि त्या मेलेल्या बोटांतून निसटून ती पाण्यात गेली.

मग त्यानं पोट फळीवर टेकवलं, ताणलेला हात सोसत दोराकडे स्वतःला ओढलं, आणि त्या गरीच्या दोरीचा वरचा चाप उजव्या मुठीत आवळला. चाप उघडला. दोर एका झटक्यात बाजूला गेला आणि ट्यूब वाऱ्यानं भिरभिरत काठाकडे यायला लागली. आमच्या घरच्यांनी तिला गाठलं.

तो काठावर आला तेव्हा तळहातात गरी होती आणि गरीला माझी हातभर दोरी. गाठ तसूभर हलली नव्हती. मी सुरीनं तंगूस कापलं आणि आम्ही त्याला आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बाहेर आलेल्या टोकाचा उलटा काटा कापला आणि गरी मागे ओढून काढली.

केंद्राच्या बाकावर बसून मी एकच विचार करत होते. वरही माझी गाठ असती तर? ती सुटली नसती. ती सुटत नाही म्हणून तर मी चाळीस वर्षं मिरवते. धरून ठेवणं एवढंच मला येत होतं. सोडता येणं हीसुद्धा दोरीची गरज असते, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं, कारण माझे हात धड होते आणि आमच्या घरच्यांचेही.

ही गोष्ट संस्थेपर्यंत पोचली. गोड साहेब कॅमेरा घेऊन आले. देवसिंगला काठावर उभं करून हातात चाप दिला आणि म्हणाले, की सांगा, चापामुळे आता गाठींची गरज उरली नाही. देवसिंगनं पट्टी बांधलेला हात वर धरला आणि म्हणाला, “चापानं मले सोडलं. मासे गाठीनं धरले. दोन्ही लिवा.” साहेबांनी ते लिहून घेतलं. छापून आलं त्यात पहिलंच वाक्य होतं.

पावसाळ्याआधी संस्थेचं काम संपलं. पांढऱ्या गाड्या गेल्या. चाप गंजायला लागले होते, स्प्रिंगा ढिल्या पडल्या. पांढरकवड्यात कोणत्याच दुकानात तसे चाप नव्हते. संस्थेला पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. फोन केला तर साहेब दुसऱ्या जिल्ह्यात मधमाश्या शिकवत होते. सोपं करून देणारे लोक असेच असतात. सोपं करून देतात, सवय लावतात आणि निघून जातात. गाठ शिकवणारा मेला तरी गाठ राहते. चाप देणारा गेला की चाप संपतो. यंत्रांबद्दलचा माझा मुख्य राग हाच आहे आणि तो मी अजून सोडलेला नाही.

पण देवसिंगला माझ्या रागाचा उपयोग नव्हता. मग आयुष्यभर यंत्रांना शिव्या घालणारी मी स्वतः एक यंत्र करायला बसले. पहिल्यांदा दोरीला कोटाचं जाड बटण बांधलं आणि दोराला फास, बटण फासातून काढलं की सुटेल असं. मोठ्या ऐटीत तांड्यावर नेलं. शांतानं ते पाहिलं आणि म्हणाली, “ज्याले सदऱ्याचं बटण लागत नाई त्याले तुम्ही बटण देऊन राह्यल्या?” मी परत आले.

नंतर बांबूची बोटभर खुंटी केली. मधे खाच पाडून दोरी बांधली. फासात आडवी राहिली की धरते, मुठीत धरून उभी केली की निसटते. पहिल्या खुंट्या पाण्यानं फुगून फासात रुतल्या. दुसऱ्या फार गुळगुळीत झाल्या आणि आपोआप सुटल्या, त्यात त्याचा एक मोठा शिंगाळा गेला. देवसिंगनं शांतपणे सांगितलं, की बाई, संस्थेचा चाप बरा होता. हे वाक्य माझ्याइतकं कोणाला लागणार नाही. मी खुंट्या तेलात भिजवल्या, कडा जाळून कठीण केल्या, फासाचा घेर कमी-जास्त केला. सासूचं तीन दिवसांत निभावलं, मला सव्वा महिना लागला. शेवटी जी झाली ती तो आजही वापरतो. तुटली तर शांता विळ्यानं नवी करते, कोणाची वाट पाहावी लागत नाही. गरीकडच्या गाठीही ती आता स्वतः बांधते. माझ्यापेक्षा जरा घट्ट बांधते, हे मी तिला सांगितलेलं नाही.

खुंटीची बातमी बाजारभर झाली. मागच्या हिवाळ्यात हायवेवरच्या ढाब्याचा मालक माझ्याकडे आला. धडधाकट माणूस, हाताची बोटं केळ्यांसारखी. म्हणाला, की काकू, त्या खुंटीवाल्या शंभर द्या, आणि गरीकडेही तसंच काहीतरी करून द्या, गाठीची भानगड नको. पैसे आगाऊ देतो म्हणाला.

मी म्हटलं, “तुले मी खुंटी देणार नाई. बस इथं.”

तो बसला. मी त्याच्या हातात तंगूस दिलं. त्याची पहिली गाठ सुटली. दुसरी सुटली. तिसरीही घसरली तेव्हा भाजी घेऊन जाणारी दोन माणसं थांबून हसायला लागली. मी त्यांना पुढे जायला सांगितलं, आणि त्याला चौथा तुकडा कापून दिला.